गाडीचा डोळा

ऑक्टोबरचा शेवटचा दिवस होता. देवदत्तची लाडकी गाडी हिवाळ्यापुरती एका शेतकऱ्याच्या कोठारात नेऊन ठेवायची होती. नंबरप्लेटवरच मोसम छापलेला, एप्रिल ते ऑक्टोबर. ऑक्टोबर संपला की ती रस्त्यावर दिसता कामा नये. काम साधंच. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावाहून निघायचं, जंगलातला रस्ता ओलांडायचा, गाडी ठेवून बसने परत यायचं.

वडिलांना, वासुदेवांना, बरोबर घेतलं होतं, कारण हल्ली त्यांना घरी एकटं ठेवत नसत. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेला हा माणूस गेल्या महिन्यात नातीला शाळेतून आणताना रस्ता चुकला होता. तेव्हापासून ईप्सिताला त्यांच्या भरवशावर सोडणं बंद. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. ते काय विचारतील, आपण काय सांगू, याची वासुदेव मनातल्या मनात उजळणी करत. नातीचा हात धरून चालणं पुन्हा वाट्याला यावं, एवढंच त्यांना हवं होतं.

गाडी अमेरिकन, त्यांच्या लहानपणच्या काळातली. पिस्त्याच्या रंगाची, क्रोमने लखलखणारी, मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पंख. बटण दाबलं की पांढरं कापडी छप्पर कण्हत कण्हत उठायचं आणि डोक्यावर येऊन बसायचं. पुढची बैठक सोफ्यासारखी सलग. तिघं आरामात मावत. आणि डॅशबोर्डवर, काचेतून बाहेर बघणारा एक भिंगाचा डोळा. समोरच्या गाडीचा उजेड त्यात पडला की आपले दिवे आपोआप खाली वळायचे. ती निघून गेली की पुन्हा वर.

एप्रिलमध्ये गाडीची पूजा वासुदेवांनीच केली. हात मात्र गणपतीच्या पूजेला सरावलेले. मूर्तीच्या डोळ्यांना दूर्वेने तूप लावून प्राण बोलावतात, तसं बागेतल्या गवताच्या काडीने त्यांनी त्या भिंगाला तूप लावलं, अगदी मंत्रासकट.

"बाबा, गाडी आहे ती!" देवदत्त हसून लोटपोट झाला होता. "आता हिचं विसर्जन कुठे करू, नेकार नदीत?"

वासुदेवही हसले होते. पण आपण चुकलो कसे, हे त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

जंगलात शिरताच धुकं दाटलं. ओल्या पानांचा कुजका वास छपराच्या फटींतून आत येऊ लागला. आणि दिवे खाली झाले.

रस्ता रिकामा होता.

"देवदत्त... समोरून कुणी येतंय का?"

"कुणी नाही हो. वायरिंग म्हातारं झालंय."

"डोख," दोघांच्या मध्ये बसलेली ईप्सिता म्हणाली. आहे की. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्येच.

दिवे वर झाले, थोड्या वेळाने पुन्हा खाली. या खेपेला ते वर यायला फार वेळ लागला. गाडी समोरून आली की निघून जाते, वासुदेवांना वाटलं. हे जात नाहीये. हे आपल्या पुढे चाललंय... आपल्याच वेगाने.

"गाडी थांबव," ते पुटपुटले.

"बाबा, प्लीज. हे सगळं मंगळवारी डॉक्टरांना सांगा."



कोठारात वाळल्या गवताचा आणि डिझेलचा वास होता. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केल्यावर देवदत्तने बॅटरीची वायर काढली. मग त्या डोळ्याचं झाकण उघडून वडिलांना दाखवलं. आत काहीच नव्हतं. बंद पडला म्हणून त्याने आतला भाग उन्हाळ्यातच काढून टाकला होता.

"बघा. आंधळा आहे हा. पटलं?"

"पटलं," वासुदेव ओशाळून म्हणाले.

देवदत्तला बापाची दया आली असावी. "मी शेतकऱ्याला सांगून येतो. दोन मिनिटं सांभाळाल ना ईप्सिताला?"

महिन्याभरात पहिल्यांदा!

ईप्सिता भिंत आणि गाडीच्या मधल्या जागेत गुणगुणत उभी होती. देवदत्तची पावलं लांब गेली, तोच गाडीचे दिवे लागले. बॅटरीची वायर तशीच लोंबत होती. उजेडाने भिंत पांढरीफटक झाली आणि तिच्यावर एकट्या ईप्सिताची सावली.

मग दिवे हळूच खाली वळले.

ईप्सिताने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "एन्टशुल्डिगुंग," माफ करा, ती म्हणाली, बसमध्ये कुणाला वाट देताना म्हणायची तसं, आणि अंग चोरून बाजूला झाली.

दिवे विझले.

"काय झालं बाबा? घाम का आलाय एवढा?" देवदत्त दारात उभा होता.

सांगावं... आणि मंगळवारी? वासुदेवांनी ओठ आवळले. "काही नाही रे. सगळं ठीक."

"शाब्बास. मग धरा नातीचा हात, बस येईल."

त्यांनी तिचा डावा हात धरला. तो उबदार होता. तिघं स्टॉपकडे चालू लागले. देवदत्त पुढे, ही दोघं मागे. बऱ्याच वेळाने वासुदेवांचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. तो वर उचललेला होता, मोठ्या माणसाने धरावा तसा, आणि बोटं कशाभोवती तरी घट्ट मिटलेली होती.