एकही तक्रार नाही

अधिवेशन सुरू असलं की विधानभवनाच्या मागच्या इमारतीतल्या उत्तरकक्षात पाचपन्नास अधिकारी एकाच वेळी कामाला बसत, आणि तरी तिथे दुपारच्या देवळासारखी शांतता असे. कुणी कुणाला फोनवर झापत नसे. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं, असं कुणी शेजारच्याला विचारत नसे. प्रत्येकाच्या कपाळावर बोटभर रुंदीचा राखाडी शामकपट्टा असे, आणि पट्टा लावलेल्या माणसाला साहेबांची भीती वाटत नसे. साहेबांचीच काय, कशाचीच वाटत नसे.

उपसचिव केतकी बोकारे खिडकीजवळच्या टेबलावर बसे. आमदारांनी लिहून विचारलेल्या प्रश्नांना मंत्र्यांच्या नावाने लेखी उत्तरं तयार करायची, हे तिचं काम. सभागृहात तोंडी विचारलेल्या प्रश्नांवर आरडाओरडा होतो, दुसऱ्या दिवशी फोटो येतात. लेखी प्रश्नांच्या वाट्याला तसं काही येत नाही. आमदाराने लिहून विचारायचं, मंत्र्याने लिहून उत्तर द्यायचं आणि दोघांनीही ते वाचायचं नाही, अशी जुनी चाल होती.

ताकास तूर लागू द्यायची नाही, हेच तेव्हा या कामातलं कसब मानलं जाई. पूल पडला हे खरे आहे काय, असं विचारल्यावर 'हे अंशतः खरे आहे' असं लिहिणारे महारथी केतकीने स्वतः पाहिले होते. पुढे एका धरणाच्या भेगेबद्दल प्रत्येक अधिवेशनात 'माहिती घेण्यात येत आहे' असं उत्तर जात राहिलं आणि माहिती घेऊन होण्याच्या आतच धरण गेलं. खालची चार गावं गेली. मग सभागृहाने नियम केला की यापुढे शामकपट्टा लावून लिहिलेलं आणि पट्ट्याची मोहोर बसलेलं उत्तरच ग्राह्य धरायचं.

पट्टा समजावून सांगायला डॉ. मुक्ता शेवडे आल्या होत्या. पट्टा त्यांच्याच प्रयोगशाळेत तयार झाला होता. केतकीने तेव्हा त्यांना चांगलंच उलटसुलट विचारलं होतं. खोटं बोलायला अक्कल लागते, मग हा पट्टा अक्कल कमी करतो का, हा तिचा पहिला प्रश्न.

"अक्कल तशीच राहते," डॉक्टर म्हणाल्या. "तिला पळवाटा शोधायला लावणारी भीती तेवढी जाते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे. बदली होईल, पेपरात नाव येईल, असं काही दिसलं की आधी तिथे घंटा वाजते, मग तुमची अक्कल धावते. पट्टा बारीक ध्वनिलहरींनी ती घंटा गप्प करतो."

"आणि मोहोर?"

"लिहिलेलं तुम्ही पुन्हा वाचायचं. ते खरं आहे असं तुम्हाला मनापासून वाटलं, तर मेंदूत एक ठरावीक लहर उमटते. पट्ट्याला ती दिसली की मोहोर बसते. तुम्हाला स्वतःलाच पटलं नाही, तर बसत नाही."

"दुःख, माया, हे सगळंही तिथेच असतं का?"

"शेजारी असतं. घंटा गप्प केली की शेजारीही झोपतात. पट्टा काढला की जागे होतात."

हे सगळं खरं निघालं. शेजारी जागे व्हायला दर अधिवेशनागणिक थोडा जास्त वेळ लावू लागले, एवढंच. उत्तरं मात्र लखलखीत झाली. पूल पडला का, होय. कुणामुळे, अमक्यामुळे. लोक खूश झाले. मोहोर नसलेल्या बोलण्याला हळूहळू बाजारात कुणी विचारेनासं झालं, वर्तमानपत्रंसुद्धा.

गेल्या अधिवेशनात केतकीची आई गेली. घाटावरून आल्यावर केतकीने अंघोळ केली, पट्टा लावला आणि संध्याकाळपर्यंत कुपोषणाच्या बालमृत्यूंवरची उत्तरं पूर्ण केली. एकही चूक नव्हती. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला, तो दोन दिवसांनी पोचला. तोवर घरात रडणारी एकटी रेवा होती. ते अधिवेशन संपलं तरी पुढच्याच्या तयारीसाठी केतकीने पट्टा काढलाच नाही.

रेवा तिची मुलगी. दहावीत होती आणि गणिताच्या नावाने तिला कापरं भरायचं. आजी गेल्यापासून ती आईकडे निरखून बघत राही, डॉक्टर रोग्याकडे बघतो तसं. त्याच सुमारास सरकारने नवा प्रस्ताव आणला. परीक्षेच्या धास्तीने मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात, तेव्हा दहावीच्या वर्षभर शाळांमध्ये मुलांना शामकपट्टा द्यावा. प्रस्ताव चांगल्या हेतूने आणलेला होता, हे इथे सांगायलाच हवं. वाईट हेतूने कुणीच काही करत नव्हतं.

शाळेच्या बक्षीस समारंभाला आमदार तुळशीराम गणवीर आले होते. रेवाने त्यांना गाठलं आणि सांगितलं, की सभागृहात एक प्रश्न विचारा: पट्टा लावणारी माणसं बदलतात का? गणवीर भल्या मनाचे. त्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा सचिवालयात पाठवून दिला.

पण आमदाराच्या प्रश्नाला नियम असतात. मत विचारायचं नाही, तर्क विचारायचा नाही, फक्त घडलेली गोष्ट विचारायची. माणूस बदलला की नाही, हे मत झालं. त्यामुळे सचिवालयातल्या कुणीतरी, शंभर वर्षांच्या वहिवाटीप्रमाणे, प्रश्न नीट बसवला. केतकीच्या टेबलावर तो आला तेव्हा असा होता: 'शामकपट्टा वापरणाऱ्या अधिकाऱ्यांकडून त्रासाच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, शाळांमधील प्रस्ताव स्थगित करण्यात येणार आहे काय?'

प्रश्न मुळात कुणाचा, हे केतकीला रेवाकडूनच ठाऊक होतं. तिने तक्रारींची नोंद तपासली. पट्टा सुरू झाल्यापासून एकाही अधिकाऱ्याने तक्रार केलेली नव्हती.

घरी गेल्यावर तिने रेवाला हे सांगितलं. काही लपवावं, असं पट्टेवाल्यांना वाटत नाही. रेवाने सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली, आणि म्हणाली, "म्हणजे एक तक्रार आली तरी उत्तर 'होय' होतं. मग ती तू कर."

"मला त्रास नाही."

"तू दोन दिवस पट्टा काढून बघ. मग सांग."

शनिवार-रविवार सुट्टी होती. नाही म्हणायला केतकीला कारण सुचलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिने पट्टा काढून ठेवला.

शनिवार कोराच गेला. रविवारी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, गिझर बंद केला आणि तिथेच उभी राहिली. 'गिझर बंद कर गं' असं आई रोज स्वयंपाकघरातून ओरडायची आणि केतकी रोज विसरायची. आज ओरडायला कुणी नव्हतं आणि ती विसरली नव्हती. तिला रडू आलं. गेल्या अधिवेशनात यायला हवं होतं ते रडू, इतकं उशिरा आलं की तिला आधी दम लागल्यासारखंच वाटलं. रेवा धावत आली आणि तिला धरून बसली.

दुपारी केतकीने तक्रार लिहिली. आईच्या मृत्यूचं दुःख मला वेळेवर झालं नाही. माझी मुलगी माझ्यासमोर रडत होती आणि मी तिच्याकडे घड्याळाकडे बघावं तसं बघत होते. हे माझ्याकडून पट्ट्याने नेलं आहे आणि मला ते परत हवं आहे. दहावीच्या वर्गात रेवाच्या कपाळावर पट्टा, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की ती लिहिणं सोडून उठून उभी राही. इतकी भीती तिला कित्येक महिन्यांत वाटली नव्हती, आणि वाटते आहे याचा तिला आनंद झाला.

सोमवारी तक्रार दाखल करायची तर तिच्यावर मोहोर हवी. केतकीने पट्टा लावला, तो कपाळाला गार लागला, आणि थोड्या वेळाने तिने आपली तक्रार वाचली. एखाद्या अनोळखी बाईने लिहिलेली वाटली. दुःख वेळेवर झालं नाही म्हणजे काय? दुःखाला वेळ ठरलेली असते का? काहीतरी नेलं, तर कमी काय झालं? ती प्रामाणिकपणे शोधत राहिली. काही कमी आहे असं तिला वाटेना. मोहोर बसली नाही. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा बसली नाही.

ती डॉ. शेवडेंच्या खोलीत गेली. अधिवेशनभर त्या याच इमारतीत असत. केतकीने त्यांना सगळं सांगितलं, आदल्या दिवशीच्या रडण्यासकट, पावसाचे आकडे सांगावेत तसं.

"पट्टा काढल्यावर तुम्हाला भीती वाटत होती," डॉक्टर म्हणाल्या. "भीतीत लिहिलेलं धरायचं नाही, असा नियमच आहे. त्यासाठीच पट्टा आणला."

"पण लिहिणारी मीच होते. वाचणारीही मीच आहे. मग दोघींतली खरी कोणती?"

"नियमाप्रमाणे पट्टा लावलेली."

"म्हणजे ज्याला त्रास कळतो त्याची तक्रार चालत नाही, आणि ज्याची तक्रार चालते त्याला त्रास कळत नाही."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "मी हे पूर्वी लिहून ठेवलं होतं. तेव्हा मला त्याने झोप लागत नसे."

"आता?"

डॉक्टरांनी कपाळावरचे केस बाजूला केले. खाली राखाडी पट्टा होता. "आता लागते," त्या म्हणाल्या.

केतकी टेबलावर परत आली. उत्तराची मुदत त्याच दिवशी होती. तिने लिहिलं: 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.' वाचलं. मोहोर पहिल्याच झटक्यात बसली, कारण एकही तक्रार आलेली नव्हती आणि विचारलं होतं तेवढंच. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, हा धडा ती नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकली होती, आणि कुठल्याही पट्ट्याने तो पुसला नव्हता.

उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं गेलं. गणवीर तिला जिन्यात भेटले. ओशाळल्यासारखे दिसत होते.

"पोरगी खरं बोलून राहिली होती न, मॅडम," ते म्हणाले. "पण आता उत्तर आलं. एकदा उत्तर आलेला प्रश्न परत लावता येत नाही."

केतकीने त्यांना नियमाचा क्रमांक सांगितला. ते हळूहळू जिना उतरून गेले.

प्रस्ताव मंजूर झाला. त्याच आठवड्यात रेवाच्या शाळेतून संमतीची विचारणा आली. पट्टा ऐच्छिक होता, पालकांची सही लागत होती. केतकी तेव्हा नुकतीच उत्तरकक्षातून घरी आलेली, पट्टा कपाळावरच. तिने सूचना वाचल्या. मुलीला परीक्षेची भीती वाटते, हे खरं. पट्ट्याने भीती जाते, हेही खरं. हरकत घ्यावी असं काही तिला दिसलं नाही, म्हणून तिने सही केली. रेवा दारात उभी राहून बघत होती. ती ओरडली नाही. "आई, नको ना," एवढंच म्हणाली, तेही अगदी हळू, आणि आईने वर बघितलं नाही तेव्हा आत निघून गेली.

अधिवेशन संपलं. केतकीने पट्टा काढला. या खेपेला शेजारी जागे व्हायला कितीतरी दिवस गेले. ती भाजी आणायला जाई, कपडे वाळत घाली, मैत्रिणीशी फोनवर बोले, आणि आत सगळं सामसूम. मग एका दुपारी ती डाळ निवडत बसली असताना ते आलं. आधी आई आली, मग दारातून आलेलं ते 'नको ना' आलं. आपण वर बघितलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. ताटली खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. आपल्या हाताने आपण काय करून बसलो, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला.

रेवा शाळेतून आली, कपाळावर पट्टा. दप्तर जागेवर ठेवलं, हातपाय धुतले. सराव परीक्षेत गणितात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, ते तिने सांगितलं. मग आईकडे लक्ष गेलं तशी ती शेजारी येऊन बसली.

"रेवा, मी चुकले," केतकी म्हणाली. "मी सही करायला नको होती. तुला त्रास होतोय, हे तू त्यांना सांग. तुझी तक्रार चालेल. तू लिही, मी स्वतः घेऊन जाते."

रेवाने विचार केला. तिने खरंच विचार केला, ते केतकीला दिसत होतं. ती आत डोकावून काही सापडतं का ते शोधत होती, जसं केतकीने त्या सोमवारी शोधलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "काही त्रास नाही. मी उगाच घाबरले होते. तुझं उत्तर बरोबर होतं."

केतकीला हुंदका आवरेना. तिने रेवाचा हात घट्ट धरला. रेवाने तो धरू दिला. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, दुरावा नव्हता. आईला त्रास होतो आहे आणि त्यावर घरात उपाय आहे, एवढं तिला स्पष्ट दिसत होतं.

ती उठली, आतून आईचा पट्टा घेऊन आली आणि फडक्याने पुसून तिच्यापुढे धरला.

"हा लाव ना, आई," ती म्हणाली. "तुला बरं वाटेल."

केतकीने पट्ट्याकडे बघितलं. मग तिने मान खाली घातली, आणि रेवाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारून तो नीट बसवला.