मला मिळाली

कप कोणत्या हातात होता, वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, ग्लासात पाणी किती होतं, हे सगळं लिहून ठेवणं हा माझा धंदा. सिनेमात त्याला कंटिन्युइटी म्हणतात. नटाने एखादा शब्द बदलला तरी मी टोकते, म्हणून युनिटमध्ये मला मास्तरीणबाई म्हणतात. एकवीस वर्षांत माझी चूक निघाली ती एकदाच.

सिनेमा आमच्या दिग्दर्शिकेच्या घरातलाच होता. वडिलांचा फरश्यांचा कारखाना. अर्धं शहर माझ्या फरश्यांवर चालतं, असं ते चारचौघांत सांगायचे म्हणे. घरात चारच माणसं: वडील, आई, एकोणीस वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. वडिलांपुढे कुणाचं काही चालत नसे. मुलाने गुपचूप घर सोडायचं ठरवलं आणि कपड्यांची बॅग भरून जिन्याखालच्या कपाटात लपवली. वडिलांनी ती दुपारच्या जेवणाला टेबलावर आणून ठेवली आणि सगळ्यांसमोर एकेक कपडा बाहेर काढला. मुलगा ताटावरून उठला, गच्चीवर गेला आणि खाली पडला. पडला की त्याने उडी घेतली, यावर त्या घरात कधी बोलणं झालं नाही.

ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे आमची दिग्दर्शिका. वडील गेल्यावर तिने सिनेमा काढायला घेतला. "त्यांनी माझ्या भावाला मारलं. लोकांना कळू दे," असं ती पहिल्याच बैठकीत म्हणाली. तिच्या बोलण्यात आडपडदा नसायचा. मला ती आवडायची.

शूटिंगही त्याच घरात, त्याच टेबलाभोवती चाललं होतं. खोली लांबलचक, खाली राखाडी दगडाची फरशी. भर दुपारी चपलेतूनही तिचा गारवा तळव्यांना लागायचा. म्हातारी आई वरच्या मजल्यावर राहायची. रोज अकराला खाली येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची. मायलेकी एकमेकींशी बोलत नसत.

"हिला सांगा, पडदे तेव्हा हिरवे होते," आई मला म्हणायची.

"त्यांना सांगा, हिरवे पडदे कॅमेऱ्यात काळे दिसतात," लेक मॉनिटरवरची नजर न काढता म्हणायची.

दोघींमध्ये चार हातांचं अंतर, आणि मधे मी पोस्टमन. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. चौथ्या दिवसापासून येईना.

बॅगेचा प्रसंग सहाव्या दिवशी होता. वडिलांचं काम करणारे नट म्हणजे स्वभावाने अगदी गाय, पण कॅमेरा सुरू झाला की अंगावर काटा आणायचे. त्यांनी बॅग टेबलावर ठेवायची, मुलाकडे बघायचं आणि म्हणायचं, "ही बॅग मला मिळाली." एवढंच वाक्य.

पहिला टेक झाला. मी हात वर केला. "शब्द चुकला. 'मिळाली' आहे. तुम्ही 'दाखवली' म्हणालात."

"मी 'मिळाली'च म्हणालो," ते म्हणाले.

आमच्या साउंडवाल्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याने रेकॉर्डिंग लावलं. 'ही बॅग मला मिळाली.' स्वच्छ, खणखणीत. सगळे हसले. मास्तरीणबाईंचे कान तपासून घ्या, असंही कुणीतरी म्हणालं. मी ओशाळले. फक्त दिग्दर्शिका हसली नाही.

"काय ऐकलंत तुम्ही?" तिने विचारलं.

"'दाखवली'."

पुढचा टेक घ्या, अशी तिने खूण केली.

दुसऱ्या टेकला मी नटाच्या ओठांवर नजर रोखून बसले. ओठ मिटून उघडले, 'मि'साठी मिटावेत तसेच. कानांवर मात्र आलं 'दाखवली'. आवाज त्यांचाच होता, पण टेबलाकडून येत नव्हता. माझ्या खुर्चीजवळून येत होता. रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा 'मिळाली'. मी ऐकलं तेच वहीत लिहिलं. एवढी वर्षं तेच करत आले होते.

"लिहून ठेवा," शेजारून आई हलकेच म्हणाली. "खोडू नका."

तिसऱ्या टेकला मी ऐकलं: "ही बॅग मला हिने दाखवली."

लहान मुलीचं काम करणारी पोर एकदम रडायला लागली. संहितेत रडणं नव्हतं. तिच्या आईने तिला जवळ घेऊन विचारलं, काय झालं?

"काका माझं नाव सांगतायत," ती म्हणाली. "मी नाही केलं काही."

मॉनिटरवर टेक पुन्हा पाहिला. नट मुलाकडे बघत होते. वाक्य बरोबर होतं. पोरीला बाहेर बागेत नेलं. त्यानंतर खोलीत कुणी मोठ्याने बोलेना. गरीब बिचारे नट घाम पुसत सारखे म्हणत होते, "अहो, माझं काय चुकतंय ते तरी सांगा."

दिग्दर्शिका उठून माझ्याजवळ आली. माझी वही घेतली, तिन्ही नोंदी वाचल्या. मग माझीच पेन्सिल घेऊन तिने संहितेतला 'मिळाली' शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'हिने दाखवली'.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "तो मला न सांगता जाणार होता. मला वाटलं, बाबा त्याला थांबवतील."

म्हणजे बॅग हिनेच वडिलांना दाखवली होती. वडिलांनी ते कुणालाही कळू दिलं नाही. 'मला मिळाली' असंच त्यांनी तेव्हा टेबलावर सांगितलं, नंतर पोलिसांना सांगितलं, मरेपर्यंत सांगितलं. आणि तीस वर्षं ही त्या माणसाचा द्वेष करत आली होती, कारण दुसरा द्वेष तिला झेपणारा नव्हता.

"आता खरं तेच जाऊ दे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

चौथा टेक. नट नवं वाक्य बोलले. या वेळी सगळ्यांनी ऐकलं: "ही बॅग मला हिने दाखवली." शंका घ्यायला जागाच नव्हती.

कानसेनने रेकॉर्डिंग लावलं.

'ही बॅग मला मिळाली.'

त्याने हेडफोन काढून उलटसुलट करून बघितला. वायरी बदलल्या. माइक बदलला. पाचवा टेक, सहावा, सातवा. प्रत्येक वेळी आम्ही वीस माणसांनी एक ऐकलं, आणि यंत्राने दुसरंच ऐकवलं. सातव्यातला आवाज आमच्या नटाचा नव्हता. त्यापेक्षा जाड होता आणि अजिबात घाईत नव्हता.

नटांनी बॅग खाली ठेवली आणि न विचारता बाहेर निघून गेले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

दिग्दर्शिका आईसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच सरळ आईकडे बघत होती.

"आई, मला तुला सांगायचंय," ती म्हणाली. "बॅग..."

ती थांबली. तिने श्वास घेतला.

माझं काम बघण्याचं आहे, म्हणून सांगते. तिचे ओठ मिटले नाहीत. जीभ दातांच्या मागे टेकली, 'दा' म्हणताना टेकते तशीच.

"...बाबांना मिळाली," तिच्याच आवाजात ऐकू आलं.

तिने तोंडावर हात दाबला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

म्हातारीने हात धरून तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"राहू दे," ती लेकीला म्हणाली. "मी तुला जिन्यावरून बघितलं होतं. मलाही तेवढंच बोलता येतं."