पोटरीचा आलेख

त्या दिवशी चाचणीसाठी यायचं ठरलेला माणूस आलाच नाही. बाहेर बाकावर मात्र दुसराच एक जण बसला होता — धाकट्या भावाला तपासायला घेऊन आलेला, पोहायला शिकवणारा मास्तर. भावाच्या पायांतली ताकद कमी होत चालली होती. तुलनेला एक धडधाकट पाय हवा होता.

"तुम्ही आत झोपाल का?" मी विचारलं.

"ओळख ना पाळख, थेट आडवंच व्हायचं?" तो म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.

मी तिथली तंत्रज्ञ. माणसाने चुंबकाच्या बोगद्यात पाठीवर झोपायचं, पोटरीला संकेत टिपणारी कॉइल बांधून घ्यायची आणि पायाने पेडल दाबत राहायचं. स्नायूत साठलेली ऊर्जा कशी उतरते, पाय थांबल्यावर किती वेगाने भरून येते, ते पडद्यावर दिसतं. सुईसुद्धा टोचावी लागत नाही.

त्याच्या पहिल्या दोन खेपा, आठवड्याच्या अंतराने, पेडलचं वजन जुळवण्यात गेल्या. खरं तर एक पुरली असती...

"दाब... सोड..." मी काचेपलीकडून माइकवर म्हणायचे.

"हुकूम सोडतेस, तरी गोड लागतो."

"बोलू नकोस. पाय हलतो."

"पाय नाही गं — दुसरंच काहीतरी हलतंय."

मी माइक बंद करून हसायचे.

तिसऱ्या खेपेला खरं मोजमाप घेतलं. तो थांबला, पण आलेख वर चढेना. तीन मिनिटं झाली तरी साठा अर्ध्यावरच. मी पुन्हा घेतलं. तेच. हुबेहूब भावासारखं.

बाहेर येऊन बूट चढवता चढवता तो म्हणाला, "रविवारी घरी येशील? आईला सांगून बसलोय... तुझ्याबद्दल."

निकाल सांगायचा अधिकार डॉक्टरांचा होता. पण 'येते' म्हणायला कुठला नियम आड येत होता?

"सध्या — नको," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला, आणि हसला. फार नीट हसला.

चार दिवसांनी डॉक्टरांनी त्याला बोलावून सगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत कॉइल पुसत राहिले. बाहेर गेलेच नाही. नियमाचं निमित्त झालं होतं. मी घाबरले होते.

वर्षभराने भाऊ एकटाच आला, काठी टेकत. दादा आता दुसऱ्या गावी शिकवतो, जिने चढताना दमतो, आणि मागच्या महिन्यात त्याचं लग्न झालं, म्हणाला.

"दादाने डॉक्टरांना विचारलं होतं, रविवारी नको म्हणालात, त्या दिवशी तुम्हाला निकाल माहीत होता का. ते हो म्हणाले."

"मग?"

"दादा म्हणाला, तिचं चुकलं नाही. मीही हेच केलं असतं."

"त्याने नसतं केलं," मी म्हणाले.

भावाने काठी बाकाला टेकवली. "वहिनीला त्याने पहिल्याच भेटीत आजाराचं सांगितलं. ती म्हणाली, बरं, मग तळमजल्यावरचं घर बघू."

"एवढंच?"

"एवढंच."