वाटेकरीण

मिरजेतल्या त्या प्रयोगशाळेत भिंतीवर घड्याळ नव्हतं. ते मुद्दाम काढलंय, हे ऋजुता कारदगेने आल्या आल्या ओळखलं. नळीतून थेंब थेंब उतरणारं औषध बघत पडलेल्या माणसाला वेळ कळू नये, अशी ती सोय होती.

ओळखणं हा तिचा धंदाच होता. विमा कंपनीत ती दावे तपासायची. मानेला पट्टा लावून आलेला इसम चहाचा कप उचलताना मान कशी वळवतो, एवढं बघितलं की तिचं काम व्हायचं. दुखणं फुगवून सांगणारे तिने इतके पाहिले होते, की कण्हण्याच्या सुरावरून ती रक्कम कापायची.

आता दुखणं तिच्याच घरी आलं होतं. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी, आणि तिचा कर्करोग. लाखो लोकांत एखाद्याला होणारा. "आमच्या वहिनींना झालाय तो फार कमी लोकांना होतो हं," असं तिची नणंद प्राची फोनवर सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं की वहिनींना राज्य पुरस्कार मिळालाय.

"औषध आहे," कर्करोगतज्ज्ञ डॉ. नेर्लेकर म्हणाले. "मात्रेचा तक्ता नाही. तक्ता करायला रुग्ण लागतात, आणि या आजाराचे रुग्ण जगात मूठभर."

"मग मात्रा ठरवणार कशी?"

"सोसवेल तितकी वाढवत न्यायची. सोसवेना झालं की थांबायचं. त्यापुढे हे औषध नसा जाळतं. पंचाईत अशी, की मळमळीनेच माणूस इतका खचतो, की गाठ मरेल एवढ्या मात्रेपर्यंत पोचतच नाही."

"तिथे आमचं काम सुरू होतं," संवेदनशास्त्राच्या डॉ. यास्मिन तांबोळी म्हणाल्या. त्यांनी टेबलावर टिकलीएवढ्या दोन चकत्या ठेवल्या. "ही वेदनावाहिनी. त्रास शरीरात होतो, पण जाणवतो मेंदूला. एक चकती तुमच्या कानामागे बसते आणि मळमळ, हाडांतली कळ, पायांची आग, सगळं वाटेतच उचलते. दुसरी चकती ते वाटेकऱ्याच्या मेंदूत उतरवते. वाटेकऱ्याच्या शरीरात विष नाही, त्यामुळे तो टिकतो."

"म्हणजे औषध मला, आणि ओकाऱ्या दुसऱ्याला?"

"अगदी तसंच. मात्र त्रास किती झाला ते आम्ही त्याला विचारणार. तुम्हाला विचारून उपयोग नाही."

"यंत्र नाही का मोजत?"

"टपालवाला पत्र वाचत नाही, ताई. नेऊन टाकतो. किती दुखलं ते ज्याला दुखलं त्यालाच ठाऊक."

"आणि तो खोटं बोलला तर?" ऋजुताने सवयीने विचारलं.

"त्रास वाढवून सांगितला, तर मात्रा थोडी कमी पडेल," नेर्लेकर म्हणाले. "त्याची कल्पना असू द्या."

ऋजुताने मान डोलावली. उलटं कुणी विचारलं नाही. तिच्या अख्ख्या नोकरीत दुखणं कमी करून सांगणारा एकही दावेदार आला नव्हता.

नातेवाइकांत आधी चढाओढ लागली. "वहिनी, मी आहे ना!" म्हणत प्राचीने पहिली मात्रा अंगावर घेतली आणि परतताना रिक्षातच भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशी चकती परत आली. सोबत निरोप, की मुलांच्या परीक्षा आहेत. नवरा सागर तयार होता, पण त्याच्या हृदयात स्टेंट होता, म्हणून तो बाद. बाकीच्यांना एकाएकी रक्तदाब निघाले.

राहिल्या सासूबाई, उज्ज्वलाताई.

"आण ती टिकली इकडे," त्या म्हणाल्या. "तीन बाळंतपणं काढलीत मी. ओकारीला काय भ्यायचं?"

"अहो आई, झेपेल का तुम्हाला?"

"तू तुझं बघ. मला काय धाड भरलीय!"

उज्ज्वलाताईंचं हे जुनंच. कारदग्यांच्या घरी कुणी "कशा आहात?" विचारलं की उत्तर एकच, "मजेत." चिकनगुनियात सांधे धरले होते, तेव्हाही शेजारणीला "मजेत" सांगून त्यांनी तिच्यासाठी पोहे केले होते. दुखणं बाहेरच्याला सांगणं म्हणजे त्यांच्या लेखी दार उघडं टाकून झोपणं.

रोज संध्याकाळी पडद्यावर परिचारिका यायची. "आजी, त्रास कितपत?"

"छे! किंचित कोमट वाटतं पोटात. बाकी मजेत."

मात्रा वाढायची.

ऋजुता मात्र मजेतच होती. केस गेले, पण पिठलं-भाकरी चवीने जात होती. सासूबाई हल्ली भाकरी बसून थापतात, चपला न घालता गार फरशीवर उभ्या राहतात, ओला टॉवेल पायाला गुंडाळून झोपतात, हे तिने टिपलं होतं. टिपून वयाच्या खात्यावर टाकलं होतं. "आई, खरं सांगा, होतंय ना काही?" असं एकदा विचारलंही. "झालं असतं तर त्या प्राचीसारखी बोंबलले नसते का?" असा टोमणा आला. ऋजुता हसली आणि विषय मिटला. सुटल्यासारखं वाटलं, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

गाठ आक्रसत गेली. नेर्लेकर खुलले. पुढची मात्रा आजवरची सर्वांत मोठी होती. ती चढवायच्या दिवशी सासूबाई पायात नव्या चपला घालून, तुरुतुरु चालत प्रयोगशाळेत आल्या.

"डॉक्टर, आज एक कबुली देते," त्या ऐटीत म्हणाल्या. "आत्तापर्यंत मी तुम्हाला फसवलं. पाय नुसते निखाऱ्यावर ठेवल्यासारखे व्हायचे. न्हाणीघरात नळ सोडून ओकायची, हिला ऐकू जाऊ नये म्हणून. सांगितलं असतं तर तुम्ही औषध कमी केलं असतं, नाहीतर सगळं हिच्या अंगावर परत टाकलं असतं. पण आता देवाची शपथ, खरंच काही होत नाही! आठवडा झाला, पाय गार. जिंकलो बघा आपण."

यास्मिनबाईंनी नेर्लेकरांकडे पाहिलं. नेर्लेकरांनी हातातली औषधाची पिशवी खाली ठेवली.

"आजी, हळूहळू कमी झालं, की एकदम थांबलं?"

"एकदम! दिवा विझावा तसं."

"काय झालं?" ऋजुता उठून बसली. "डॉक्टर, मला सांगा. माझं शरीर आहे ते."

यास्मिनबाई सावकाश बोलल्या. "चकती त्रास फक्त वाहून नेते. तुमच्या नसांनी पाठवला तरच. औषध वाढत असताना त्रास एकदम थांबला, याचा अर्थ एकतर आजींची चकती बिघडली, नाहीतर पाठवणाऱ्या नसा जळाल्या. आधी पायाच्या जातात. मागोमाग हृदयाचा ठोका सांभाळणाऱ्या. त्या गेल्या की…" त्यांनी हातमोजे चढवले. "आधी बघू. तुमची चकती काढते. आता जे जाणवेल ते तुमचं तुम्हाला."

"दुखू दे गं बाई," सासूबाई पुटपुटल्या. "पाहिजे तेवढं दुखू दे."

ऋजुताला आडवं केलं. गुडघ्यांवर चादरीचा आडोसा केला. सासूबाईंना पायाशी कापूस घेऊन उभं केलं.

"डोळे मिटा. सुई टोचली की सांगा."

तिने डोळे मिटले. तळव्यांवर सगळं लक्ष एकवटलं. ती वाट बघत राहिली.

"आई," शेवटी ती म्हणाली, "टोचलं का त्यांनी?"

"नाही गं राणी," सासूबाईंचा आवाज आला, अगदी मजेतला. "अजून कुठं? सुईच शोधतायत."

ऋजुताने डोळे उघडले. सासूबाई तिच्याकडे बघून तोंडभर हसत होत्या, आणि त्यांच्या हातातला कापूस लाल होत चालला होता.