परत न ठेवलेले दाणे

रथसप्तमी जवळ आली होती आणि कुमुदिनीने हळदीकुंकवाला बोलावलं होतं, एवढंच निमित्त. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात घरी एकच पाहुणा बोलवायची मुभा होती, पण लहान मुलं त्यात धरत नसत. म्हणून नीरजाने सात वर्षांच्या ईशानला गाडीत बसवलं आणि नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपहून आर्नहेमपलीकडच्या जंगलाची वाट धरली.

कुमुदिनी तिची पुण्याची मैत्रीण. तिचा नवरा हरीश आर्नहेमला वीज कंपनीत इंजिनिअर होता. विजेवर पोट भरणारा माणूस, पण लॉकडाऊन लागला तशी नोकरी सोडून, बायकोमुलीला घेऊन बिनविजेच्या लाकडी घरात राहायला गेला! छपरावर एक सोलर पॅनल, दाराशी हातपंप, आत लाकडांची शेगडी. मोबाइलला रेंज नाही. "चार दिवसांत परत येतील," असं नीरजा सगळ्यांना सांगत सुटली होती. वर्ष होत आलं, तरी आले नव्हते.

दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. जळत्या लाकडाचा वास, ताज्या भाकरीचा वास. कुमुदिनीची ईशानएवढीच लेक संहिता धावत पुढे आली. "मावशी, जपून हं, पायरीवर बर्फ आहे!"

नीरजाने वळून ईशानकडे पाहिलं. काय स्वच्छ मराठी! आणि आपला दिवटा? शाळा बंद झाल्यापासून टॅबलेटला चिकटलेला. मराठीत विचारावं तर डचमध्ये उत्तर, तेही मान वर न करता. तिकडे आपण दिवसभर कॉलवर, नवरा विराज वरच्या खोलीत कॉलवर. आणि ही बया शेगडीपाशी बसून लेकीच्या वेण्या घालते! कुमूचं हे सुख तिला अगदी सहन होईना.

निघताना कुमुदिनीने कुंकू लावलं, ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. नीरजाने शाल पुढे केली होती.

"चार दाणे परत ठेव गं ताटात," कुमुदिनी हसून म्हणाली. "नाहीतर माझं घर चाललं तुझ्याबरोबर."

"हो, हो," नीरजा म्हणाली. कुमुदिनी ईशानच्या हातावर तिळाची वडी ठेवायला वळली, तेवढ्यात नीरजाने शालीला गाठ मारली. एक दाणाही ठेवला नाही. सगळं हिलाच का? येऊ दे की थोडं आमच्याकडे!

घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं. दार उघडलं तर आत ऊब होती. खालचा हीटर तर मी बंद करून गेले होते... आणि जळत्या लाकडाचा वास. विराज म्हणाला, "मला कसलाच वास येत नाही."

ईशानने बूट काढून नीट जोडीने ठेवले. टॅबलेटकडे पाहिलंसुद्धा नाही. वरणभात कालवून हाताने जेवला, ताट उचललं. नीरजाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आता ये म्हणावं कुमूला बघायला!

मग तो हात धुऊन आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, सरपण आत आणू का?"

"मावशी काय रे, वेड्या? मी आई आहे."

मोठ्या माणसाचं मन राखावं तशी त्याने मान डोलावली. नंतर पांघरूण घालताना त्याने तिचा हात धरला. "मावशी... मला घरी कधी सोडणार? आई वाट बघत असेल."

नीरजाला झोप कुठली लागते! उजाडताच तिने तांदळाची शाल उचलली, ईशानला गाडीत बसवलं आणि सुसाट निघाली. वाटेत ती एकसारखी हाका मारत होती, ईशान, ईशान. मागच्या सीटवर पोरगा शहाण्यासारखा बाहेर बघत होता.

जंगलातल्या घराच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. दारात कुमुदिनी उभी होती. केस विस्कटलेले, हात काजळीने माखलेले.

"शेगडी पेटत नाही गं," ती पुटपुटली. "हरीश लाकूड फोडून फोडून थकला. आणि संहिता... कालपासून मला ओळखत नाही..."

नीरजा आत धावली. कालचं ताट तिथेच होतं. शालीची गाठ सोडून तिने सगळे तांदूळ त्यात ओतले, नारळ ठेवला, खण ठेवला. "घे बाई, घे सगळं. चुकले मी. माझं मला दे!"

शेगडीने भसकन पेट घेतला. कुमुदिनी रडत रडत खाली बसली, आणि नीरजाच्या मागून मुलगा पळत गेला आणि तिच्या कुशीत शिरला.

"ईशान," नीरजाने हाक मारली. "ईशान, बाळा... इकडे ये."

कुशीतल्या मुलाने मान वळवली नाही. कुमुदिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कोपऱ्यातून पांघरूण बाजूला सारून संहिता तेवढी उठली, मान वर न करता डचमध्ये "आई, घरी चल" असं पुटपुटली आणि नीरजाचा कोट ओढून तिला गाडीकडे नेऊ लागली.