धुक्यात सोडलेलं पाखरू

ते पाखरू आधी नोरामावशीला दिसलं, आणि तिच्या हातातली सुरी खाली पडली.

आम्ही बायका मासळीच्या कारखान्यात कॉड मासे साफ करत होतो. बाहेर आठवडाभराचं धुकं. अशा धुक्यात समुद्रावरची वादळपाखरं रात्री आमच्या दिव्यांकडे ओढली जातात आणि भिंतीवर आपटतात. पण आत शिरलेलं मी पाहिलेलं हे पहिलंच. काळपट, मुठीएवढं, बर्फाच्या पेट्यांमागे एक पंख पसरून पडलेलं.

"पाखरू आत आलं," नोरामावशीनं छातीवर क्रूस काढला. "कुणाचं तरी मरण घेऊन आलं गं, बायांनो."

सगळ्यांचे हात थांबले. आमच्या किनाऱ्यावर हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. प्रत्येकीचं कुणी ना कुणी समुद्रावर होतंच. मग एकेक नजर हळूच माझ्याकडे वळली... माझे बाबा एप्रिलमध्ये बुडाले होते. बोट सापडली, ते सापडले नाहीत.

मुकादम फावडं घेऊन आला. "बाजूला हो, लोरेटा. एक फटका मारतो, मग कामाला लागा सगळ्या."

मी हलले नाही. "आमच्या घरचं माणूस आधीच गेलंय. याला मारून कोण परत येणार आहे?"

"अगं, पण—"

"राहू द्या, मुकादम." दारात फॉन्स उभा होता. पलीकडच्या खाडीतला, रोज आमच्या धक्क्यावर मासळी उतरवायला येणारा. त्याच्या पिवळ्या रबरी कपड्यांवरून पाणी गळत होतं. "सरक जरा, माझ्या राणी. मी धरतो त्याला."

राणी म्हणे! मी तोंड वाकडं केलं. आमच्याकडे दुकानदार, पाद्री, बस चालवणारा म्हातारा, सगळेच सगळ्यांना राणी नि लाडके म्हणतात. कुणी मनावर घेत नाही.

तो गुडघ्यांवर बसला. डोक्यावरची लोकरीची टोपी काढून पाखरावर अलगद टाकली आणि त्याला उचललं. पाखरानं मान वळवली आणि त्याच्या छातीवर चोचीतून नारिंगी, उग्र वासाच्या तेलाची पिचकारी सोडली. जन्मभर मासळीत वावरलेल्या आम्ही, पण आम्हीसुद्धा नाकं धरली.

"आवडलास तू त्याला," मी म्हणाले.

"चला... कुणाला तरी आवडलो."

एप्रिलनंतर मी पहिल्यांदा हसले. लगेच माझी मलाच लाज वाटली.

पंखाचं हाड शाबूत होतं, पण कातडं सोलवटलं होतं आणि पिसांना वंगण लागलं होतं. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून पुसत होते, तो धरून होता. आमची बोटं मधूनच एकमेकांना लागत होती, आणि दोघंही पाखराकडेच बघत होतो.

"आजची रात्र खोक्यात घालून कोरड्यात ठेव," तो म्हणाला. "उद्या दिवस मावळताना दूर पाण्यावर सोडू. जमिनीवर याला धड चालताही येत नाही."

"मी बोटीत बसत नाही, फॉन्स."

"ठाऊक आहे."

"मग तू एकटाच ने."

"नेईन की. पण मी सुकाणू धरू, की खोकं धरू?"

आईनं ते खोकं घरात येऊच दिलं नाही. लाकडाच्या खोपटात ठेवावं लागलं. "आणि त्या पोरालाही उंबरठ्याच्या आत आणू नकोस," ती पाठमोरीच म्हणाली. "समुद्रावर जाणारा पुरुष या घरात पुन्हा नको मला. एकाची वाट बघून झाली माझी."

फॉन्सचं नावही मी घरात काढलं नव्हतं. तरी तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोकं छातीशी धरून धक्क्याच्या कडेला उभी होते. फॉन्सनं नुसता हात पुढे केला. ये म्हणाला नाही, भिऊ नकोस म्हणाला नाही. खोक्यात पाखराची नखं खरखरली... आणि मी बोटीत उतरले.

धक्का मागे पडला.

"वर्षभर सांगतोय तुला," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"रोजच तर म्हणतो... माझ्या राणी."

"तू नोरामावशीलाही राणी म्हणतोस! परवा मुकादमाच्या कुत्रीला म्हणालास."

"त्यांना सवयीनं म्हणतो."

"आणि मला?"

त्यानं इंजिन मंद केलं. "तुला... लोरेटा."

नुसतं नाव. पण आमच्या किनाऱ्यावर कुठल्या पुरुषानं मला इतक्या जवळचं काही म्हटलं नव्हतं.

"आई काय म्हणते, ठाऊक आहे?" मी विचारलं.

"अख्ख्या खाडीला ठाऊक आहे."

"सोडशील समुद्र?"

"तू सोड म्हणालीस तर सोडेन. पण मग मी तुला फार दिवस आवडणार नाही."

किनाऱ्याचे दिवे धुक्यात बुडाले, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. मी पाखराला तळहातावर घेतलं. उबदार, आणि त्याची धडधड थेट माझ्या मनगटापर्यंत येत होती. ते उडालं नाही. पाण्यावर पडलं. दुखरा पंख उघडेना. वर कुठून तरी एक काळ्या पाठीचा मोठा कुरव, लहान पाखरं खाणारा समुद्रपक्षी, आला आणि झेपावला.

मी किंचाळले. फॉन्सनं वल्हं बोटीच्या कडेवर दणादण आपटलं. कुरव वळला. पाखरानं पाण्यावर पाय मारले, पुन्हा मारले... आणि पाण्याला लागून, एका बाजूला कलत, ते धुक्यात शिरलं.

"वाचेल?"

"माहीत नाही."

दुसरा कुणी असता, तर वाचेल म्हणाला असता.

परतताना त्यानं मान खाली घालून सांगितलं, "उद्या पहाटे जाळी ओढायला जायचंय."

"धुकं आहे."

"आहे."

मी रिकामं खोकं मांडीवर ओढलं. "बाबा गेले त्या पहाटे त्यांनी मला उठवलं नाही. झोपू दे पोरीला, असं आईला म्हणाले. मी झोपले होते, फॉन्स. मी उठून त्यांना बघितलंसुद्धा नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या स्वयंपाकघराची खिडकी तुझ्या धक्क्यावर यायच्या वाटेवर आहे," मी म्हणाले. "जाताना टकटक कर."

"इतक्या पहाटे? तुझी आई मला उकळत्या पाण्यानं—"

"आईचं मी बघते. चहा तयार असेल. पण मला न उठवता जाऊ नकोस. उद्या नाही... आणि कधीच नाही."

त्यानं हात पँटला पुसला आणि माझा हात धरला. इंजिनाचा वेग मात्र वाढवला नाही. धक्का येईपर्यंत आम्ही तसेच, हळूहळू आलो.