मागच्या बायका

दिघीतली बँकेची शाखा गेल्या मार्चमध्ये बंद झाली. तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. सगळं फोनवरच होतं, हे माझ्या सासूबाईंना, केसरबाईंना, काही केल्या पटेना.

"बँक फोनमंदी गेली, तं मानसांनी बसायचं कुठं?" त्या विचारायच्या.

खातं चालू ठेवायला व्हिडिओवर चेहरा दाखवणं भाग होतं. ठरल्या सकाळी घरात लग्नघाईच उडाली. सासूबाईंनी नारळी पुनवेचं लुगडं नेसलं, अबोलीचा गजरा माळला. शेजारणी खिदळत दारात जमल्या.

फोनच्या पलीकडून बँकेतल्या एका तरुण साहेबांचा आवाज आला. "आजी, खोलीत दुसरं कोणी नको हं."

आम्ही सगळ्या बाहेर आलो. मी ओटीवर खिडकीशी थांबले. उजेडासाठी सासूबाई दाराजवळ फोन धरून उभ्या होत्या.

साहेबांनी नाव विचारलं, जन्मसाल विचारलं. मग म्हणाले, "आजी, मागच्या बायकांना बाहेर जायला सांगा ना."

"कंच्या बायका?"

"त्या बाकावर बसल्यात त्या. फार हसतायत, तुमचं ऐकू येत नाही."

मी आत डोकावले. सासूबाईंच्या मागं खोली रिकामी. निळी भिंत आणि नुसती फरशी; बाक तर आमच्या घरात नव्हताच. बाहेर शेजारणीही हसत नव्हत्या.

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. हळूच विचारलं, "एकीचा पुढचा दात सोन्याचा हाय?"

"हो. दुसरी तिला कोपरानं ढोसतेय."

"कमळ! नि ती ठमी!" सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की मला रडू आलं. दर सोमवारी मासळी विकून झाली की या तिघी शाखेतल्या बाकावर बसायच्या, काम असो वा नसो. कमळआत्या करोनात गेली, ठमीमावशी त्याच्या पुढच्या वर्षी. त्यानंतर सासूबाईंचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता.

"सायेब, र्‍हाऊ द्या त्यांना. त्या माझ्यासंगच येतात."

साहेबही हसले. "बरं, आता डोळे मिटा, उघडा. छान. झालं आजी, खातं चालू."

ओटीवर टाळ्या पडल्या. कोणीतरी पेढे आणायला धावलं. मी खिडकीतूनच ओरडले, "आई, झालं! ठेवा फोन!"

त्या ठेवेनात. साहेबांचा आवाज अजून येत होता, मजेत, सहज.

"आजी, त्या सरकल्या बघा. तुम्हाला जागा करतायत."

"व्हय? आले गं, आले," सासूबाई म्हणाल्या.

हसत हसत त्या दोन पावलं मागं गेल्या. लुगडं सावरलं आणि बाकावर टेकावं तशा न बघताच टेकल्या.

मागं काहीच नव्हतं.

त्या पडल्या नाहीत.